घड्याळाची काच आणि आप्पांचा डोळा
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



गेल्या वर्षी आमच्या घरी आप्पा, म्हणजे माझे वडील, रुसून बसले. वय ८६. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना होत आला होता. डॉक्टरांनी दोनदा तपासून डोळा उत्तम असल्याचं सांगितलं होतं. आता डाव्या डोळ्याची तारीख घ्यायची, एवढंच बाकी. आणि आप्पांनी जेवताना जाहीर करून टाकलं, "दुसरा डोळा करायचा नाही. पहिल्याचंच काम नीट झालेलं नाही."

आम्ही चक्रावलो. कारण हेच आप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरमधली बारीक तिथी बिनचूक वाचत होते. रस्त्याच्या पलीकडून येणारी एसटी कुठल्या आगाराची आहे ते गॅलरीतून सांगत होते. मग बिघडलं कुठे? खोदून खोदून विचारल्यावर त्यांनी डावं मनगट पुढे केलं. "हे बघ. ऑपरेशनच्या आधी काटे धुरकट दिसायचे. आताही धुरकटच दिसतात. मग फरक काय पडला?"

मी घड्याळ हातात घेऊन खिडकीपाशी गेलो आणि हसू आवरेना. चष्मा लावूनही मला काटे धड दिसत नव्हते. आप्पांचा डोळा स्वच्छ झाला होता. घड्याळाची काच आंधळी झाली होती.

त्यात गंमत होती, तशी काळजीही होती. डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते. आयुष्यभर ज्या माणसाने वेळेवर घंटी मारून गाडी सोडली, त्याला "सूनबाई, किती वाजले?" असं विचारावं लागत होतं. माझी पत्नी प्रत्येक वेळी नीट उत्तर द्यायची. पण हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं, आणि एकदा दुपारचे थेंब राहूनही गेले. मी नवं, मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणून दिलं. ते कपाटात गेलं. घड्याळ म्हणजे त्यांचं एचएमटी जनता, १९६५ साली लग्नात सासऱ्यांनी हातात बांधलेलं. दुसरं चालणार नाही.

तेव्हा आजचा विषय एवढाच : घड्याळाच्या काचेवरचे ओरखडे घरच्या घरी काढता येतात का? येत असतील तर कसे, आणि कुठे थांबायचं? मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. पण या विषयात मी जे शिकलो ते बरंचसं चुका करून. त्या चुकाही सांगणार आहे, म्हणजे तुमच्या तरी टळतील.

पहिली चूक महाविद्यालयातली. दहावी पास झालो म्हणून मला १९८२ साली घड्याळ मिळालं होतं. दिवाळीच्या आधी घरात दारं-खिडक्या रंगवताना त्याच्या काचेवर ऑइल पेंटचा शिंतोडा उडाला. मी शहाणपणाने फडक्यावर थिनर घेतलं आणि पुसलं. रंग गेला. पण पाहता पाहता काचेवर पांढुरकी जाळी पसरली, जशी उन्हाने तडकलेल्या चिखलावर असते. का? कारण ती काच नव्हतीच. ते प्लॅस्टिक होतं, आणि थिनर त्या प्लॅस्टिकलाच खात होतं.

दुसरी चूक लग्नानंतरची. कुणीतरी सांगितलं की टूथपेस्टने घड्याळाचे ओरखडे जातात. मी पत्नीच्या घड्याळावर पाऊण तास टूथपेस्ट चोळली. ओरखडा होता तिथेच राहिला. गेला तो काचेभोवतीचा सोनेरी मुलामा. "अहो, ओरखडा तरी लांबून दिसत नव्हता," एवढंच ती म्हणाली. ते वाक्य मी अजून ऐकतो आहे.

या दोन्ही चुकांचं मूळ एकच. काच कशाची आहे हे न पाहता मी कामाला लागलो. म्हणून हात लावण्याआधी ती पारख करायची.

घड्याळाची काच साधारण तीन प्रकारची असते. पहिली अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे एक पारदर्शक प्लॅस्टिक. जुन्या चावीच्या घड्याळांना बहुधा हीच असते. दुसरी खनिज काच, म्हणजे खरीखुरी काच, थोडी कडक केलेली. सेलवर चालणाऱ्या बहुतेक मध्यम किमतीच्या घड्याळांना ती असते. तिसरी नीलमाची, म्हणजे सफायरची. ती महागड्या घड्याळांना असते, आणि बहुतेक वेळा मागच्या झाकणावर तसं लिहिलेलं असतं.

ओळखायची कशी? घड्याळ गालाला लावून पाहा. प्लॅस्टिक फारसं गार लागत नाही. काच गार लागते, कारण ती अंगातली उष्णता लवकर ओढून घेते. नीलम त्याहूनही गार लागतो. मग नखाने हलकेच टिचकी मारा. प्लॅस्टिकचा आवाज बोदा येतो, काचेचा टणक. आणि काच बाजूने पाहा. घुमटासारखी फुगीर असेल आणि घड्याळ जुनं असेल, तर ती अ‍ॅक्रिलिकची असण्याचा संभव जास्त. दोन-तीन घड्याळं शेजारी ठेवून ही तपासणी केली तर फरक पटकन कळतो.

आता टूथपेस्ट एका काचेवर चालते आणि दुसरीवर का चालत नाही, ते पाहू. फ्रीडरिश मोस नावाच्या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक उतरंड लावली. सर्वांत मऊ शंखजिरं, त्याला १. सर्वांत कठीण हिरा, त्याला १०. नियम साधा : वरच्या पायरीचा पदार्थ खालच्या पायरीच्या पदार्थावर ओरखडा काढतो, उलट होत नाही. आपलं नख साधारण अडीचच्या पायरीवर. अ‍ॅक्रिलिक तीनच्या आसपास. काच साडेपाचच्या आसपास. गारगोटी ७. नीलम ९.

अनेक पांढऱ्या टूथपेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट असतं, खडूच्या जातीची बारीक पूड. तिचा कठीणपणा सुमारे ३. म्हणजे अ‍ॅक्रिलिकशी तिची बरोबरीची कुस्ती होते, आणि म्हणून ती अ‍ॅक्रिलिक अगदी हळूहळू, गुळगुळीतपणे घासते. खऱ्या काचेपुढे मात्र तिचं काही चालत नाही. पत्नीच्या घड्याळावर मी पाऊण तास खडूने काच घासत होतो! मुलामा मात्र फार पातळ होता, तो बिचारा गेला.

हीच उतरंड आणखी एक गोष्ट सांगते. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात, सातच्या पायरीवरचे. म्हणजे आपण घड्याळ शर्टाच्या बाहीला खसाखसा पुसतो तेव्हा धूळ निघतेही आणि ओरखडेही पडतात. आपली बरीच घड्याळं आपण पुसून पुसूनच आंधळी करतो.

आणि नीलम? माणिक आणि नीलम ही एकाच खनिजाची रूपं, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची. आपल्याकडे त्या खनिजाला कुरुंद म्हणतात, आणि इंग्रजीतलं त्याचं नावही आपल्याकडच्याच शब्दावरून गेलेलं आहे. ऑग्युस्त व्हेर्नोय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली माणिक भट्टीत तयार करण्याची रीत जाहीर केली. तेव्हापासून घड्याळात कृत्रिम माणकं स्वस्तात बसवता येऊ लागली. जनता घड्याळाच्या तबकडीवर '१७ ज्वेल्स' लिहिलेलं असतं, ती हीच माणकं. चाकांच्या आसांची टोकं त्यांच्यावर फिरतात, म्हणून झीज होत नाही. गंमत पाहा, आप्पांच्या घड्याळात आत नऊच्या पायरीची १७ माणकं आणि बाहेर तोंडावर तीनच्या पायरीचं प्लॅस्टिक!

मग प्लॅस्टिक लावलंच कशाला? कारण त्यात एक मोठा गुण आहे. ते ओरखडतं, पण सहजासहजी फुटत नाही, आणि फुटलं तरी काचेसारखे बारीक तुकडे उडत नाहीत. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९६५ साली अंतराळवीरांसाठी ओमेगा कंपनीचं जे घड्याळ पसंत केलं आणि जे १९६९ साली चंद्रावर गेलं, त्याची काच अ‍ॅक्रिलिकचीच होती. यानात काचेचा चुरा तरंगत राहिला तर केवढा अनर्थ! भारतात १९६१ साली बंगळुरूला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने सुरू झाला. तिथून निघालेल्या जनता, पायलट, सोना अशा घड्याळांनी शेतात, गिरणीत, एसटीत काम केलं. त्यांनाही असंच न फुटणारं तोंड हवं होतं. ती घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला, पण घड्याळं अजून हजारो घरांत टिकटिकत आहेत. आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

आता ओरखडा म्हणजे काय ते पाहू. आमच्या कृष्णाकाठी उसाला सरी-वरंबा पाडतात. सपाट रानावरून नजर लांबवर जाते, सऱ्या पाडलेल्या रानात ती अडखळते. प्रकाशाचंही तसंच. गुळगुळीत काचेतून तो सरळ जातो आणि आपल्याला काटे दिसतात. ओरखड्यांच्या कडांवर तो वाटेल तिकडे फेकला जातो, आणि आपल्याला पांढुरका धूर दिसतो.

तेव्हा लक्षात घ्या, ओरखडा 'काढता' येत नाही. तो भरूनही येत नाही. रानात आपण वरंब्याची माती सरीत ओढून सपाटी करतो. इथे तसं होत नाही. इथे वरंबे घासून घासून सरीच्या तळापर्यंत उतरवायचे आणि ती माती पुसून टाकायची. म्हणजे एक ओरखडा घालवायचा तर त्याच्याभोवतीची सगळी काच तेवढी पातळ करावी लागते. ही किंमत देऊनच काम होतं. कुठे थांबायचं, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

आता प्रत्यक्ष कृती. ही फक्त अ‍ॅक्रिलिकच्या काचेसाठी.

आधी तपासणी. काच ओल्या कापडाने पुसा, वाळू द्या आणि तिरप्या उजेडात धरा. तडा गेलेला दिसला तर काहीच करू नका. तडा घासून जात नाही, वाढतो. ती काच घड्याळवाल्याकडून बदलून घ्या. तडा नसेल तर ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख कुठे अडकलं नाही तर ओरखडे वरवरचे आहेत, टूथपेस्टने काम होईल. नख अडकलं तर तिथे चर आहे. धूर काचेच्या आतल्या बाजूला वाटत असेल, तर तो ओलाव्याचा किंवा तेलकटपणाचा असू शकतो. बाहेरून घासून तो जाणार नाही.

मग तयारी. पट्टा काढून ठेवा. काचेभोवतीच्या धातूवर चिकटपट्टी लावा, काच आणि धातू जिथे मिळतात ती फट झाकली जाईल अशी. चावीच्या तोंडावरही लावा. दोन कारणं : मुलामा वाचतो आणि पेस्ट किंवा पाणी आत जात नाही. जुनी घड्याळं पाण्याला टिकत नाहीत. एक थेंब आत गेला तर तबकडीवर कायमचा डाग आणि यंत्राला गंज. म्हणून घड्याळ नळाखाली कधीही धरायचं नाही.

टूथपेस्ट साधी, पांढरी घ्या. रंगीत, पारदर्शक, दाणेदार नको. हरभऱ्याच्या डाळीएवढी पुरे. जुन्या धोतराचं किंवा मलमलचं मऊ फडकं बोटाच्या टोकाला गुंडाळा, किंचित ओलं करा आणि लहान लहान गोल फिरवत हलक्या हाताने तीन-चार मिनिटं घासा. जोर नको. जोराने काच तापते आणि हे प्लॅस्टिक उष्णतेने मऊ पडतं. विजेचं फिरतं यंत्र तर मुळीच नको. ओलसर फडक्याने पुसा, कोरड्याने टिपा, तिरप्या उजेडात पाहा. पुन्हा घासा. एका बैठकीत चार-पाच फेऱ्या होतात. पहिल्या फेरीनंतर फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नका, साधारण तिसऱ्या फेरीला काटे दिसू लागतात.

यासाठी बाजारात प्लॅस्टिक उजळायची खास पेस्टही मिळते. ती उत्तम. तिचे कण अधिक बारीक आणि एकसारखे असतात. पण भांडी घासायची पावडर, तांब्या-पितळेची पावडर यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांच्यात जाडे-बारीक कण एकत्र असतात. बारीक कण जेवढं उजळतील तेवढं जाडे कण ओरखडतील. थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रव, स्पिरिट यांचं मी आधीच सांगितलं आहे.

चर असेल तर टूथपेस्ट अपुरी पडते. मग वॉटर पेपर लागतो, रंगारी लोक वापरतात तो काळा पेपर. हार्डवेअरच्या दुकानात नंबर सांगून मागायचा : १५०० आणि २०००. नंबर जितका मोठा तितका कण बारीक. २००० नंबरच्या पेपरवरचा कण सुमारे १० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी लहान. पेपर ओला करून, निथळून, आधी १५०० ने एकाच दिशेने हलके घासायचं. मग २००० ने त्याच्या काटकोनात. दिशा बदलण्याचं कारण असं, की आधीच्या पेपरच्या रेघा गेल्या की नाही हे दिसतं. त्या पूर्ण जाईपर्यंत पुढे जायचं नाही. आणि चर जिथे आहे तेवढंच घासू नका. तिथे खळगा पडतो आणि त्यातून आकडे वेडेवाकडे दिसतात. सगळी काच सारखी घासा.

इथे एक क्षण असा येतो की पोटात गोळा येतो. वॉटर पेपरने घासलेली काच पूर्ण पांढरी दिसते, दुधासारखी. पहिल्यापेक्षा वाईट! माणूस घाबरतो आणि काम सोडून देतो. सोडायचं नाही. तो धूर म्हणजे बारीक, एकसारख्या रेघा आहेत, आणि तो टूथपेस्टने जातो.

आप्पांच्या घड्याळाचं काम मी एका रविवारी दुपारी काढलं. त्याआधी मी पेठेतल्या घड्याळवाल्या काकांकडे चौकशी करून आलो होतो. ते म्हणाले, "मास्तर, नवी काच टाकून देतो. ठेवून जा, चार दिवसांनी या." नवी काच फार महाग नव्हती. पण घरी आल्यावर आप्पा म्हणाले, "चार दिवस? नाही देणार." मला वाटलं, जुन्या ओरखड्यांवर त्यांचा जीव असेल. काचेवर एका बाजूला सात-आठ समांतर रेघा होत्या. पूर्वी एसटीच्या कंडक्टरच्या हातात तिकिटांची पत्र्याची पेटी असायची, तिच्या कडेला मनगट घासून त्या पडलेल्या. मी जरा भावुक होऊनच म्हणालो, "आप्पा, नोकरीची आठवण आहे ना ती, राहू देऊ का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बिनतिकीट उताऱ्याकडे पाहावं. "ओरखड्यांचं काय लोणचं घालायचंय? मला काटे दिसू देत. घड्याळ हातातून चार दिवस जायला नको, एवढंच."

मग ते माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले. मी चिकटपट्टी लावली, २००० नंबरचा पेपर ओला केला. काच पांढरी झाली तेव्हा आप्पांचा चेहराही पांढरा झाला. "घालवलंस," म्हणाले. मी टूथपेस्ट घेतली. पहिली फेरी, दुसरी फेरी. माझी पत्नी चहा घेऊन आली, ती दोघांकडे पाहून काही न बोलता गेली. तिसऱ्या फेरीनंतर मी पुसून पाहिलं, तर आतून मिनिटकाटा दिसू लागला.

पेटीच्या रेघा गेल्या. धूर गेला. राहिला तो एक चर, चारच्या आकड्याजवळचा. नख चांगलं अडकत होतं. तो घालवायचा तर आणखी बरंच घासावं लागलं असतं. ही काच जाडीला एक-दोन मिलिमीटरच असते, आणि ती धातूच्या कड्यात ताणून बसवलेली असते. फार पातळ झाली तर सैल पडते किंवा तडकते. मी थांबलो. आप्पांना विचारलं, "हा एक राहिला. चालेल?" ते म्हणाले, "चार वाजलेले कळतात ना? मग झालं."

आता राहिलेल्या दोन काचांचं थोडक्यात सांगतो. खनिज काचेवरचे ओरखडे सेरियम ऑक्साइड नावाच्या पुडीने उजळतात. चष्म्याची आणि दुर्बिणीची भिंगं घासायला ही पूड वापरतात. पण काम वेळखाऊ आहे, काच तापते आणि चर तर जातच नाही. घरी त्या फंदात न पडता काच बदलून घेणं शहाणपणाचं. नीलमाच्या काचेवर सहसा ओरखडा पडत नाही. पडल्यासारखा दिसला तर बऱ्याचदा ती दुसऱ्या धातूची घासून लागलेली रेघ असते किंवा वरचा चकाकी कमी करणारा थर गेलेला असतो. खरा ओरखडा असेल तर त्याला हिऱ्याची पूड लागते. ते घरचं काम नव्हे.

टूथपेस्टचा हा प्रयोग चष्म्यावर आणि मोबाइलच्या पडद्यावर कृपा करून करू नका. दोन्हींवर अतिशय पातळ थर दिलेले असतात. टूथपेस्टने आधी ते जातात आणि पुन्हा येत नाहीत. आणि घरात १९६० च्या आधीचं, अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचं घड्याळ असेल, तर बाहेरून पुसा पण उघडू नका. त्या काळी अशा रंगात रेडियम वापरत, आणि त्याची पूड श्वासातून जाणं घातक आहे.

शेवटी एक योगायोग सांगतो. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या केबिनला हेच अ‍ॅक्रिलिक लावलेलं असे. गोळ्यांनी ते फुटून काही वैमानिकांच्या डोळ्यांत तुकडे गेले. हॅरॉल्ड रिडले या इंग्रज नेत्रशल्यविशारदाच्या लक्षात आलं, की डोळा हे तुकडे बिनतक्रार सहन करतो. त्यावरून त्यांनी १९४९ साली लंडनमध्ये मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात अ‍ॅक्रिलिकचं भिंग बसवलं, जगातलं पहिलं. आज वापरात असलेली बरीच भिंगं घडी होणारी असतात, पण त्याच कुळातली. मी हे आप्पांना सांगितलं. म्हटलं, "तुमच्या डोळ्यात आहे ते आणि घड्याळावर आहे ते, जवळजवळ भाऊ भाऊच." त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "मग डोळ्यातलं ओरखडलं तर तूच टूथपेस्ट लावणार का?" मी म्हटलं, "ते आत आहे, तिथे कोणाची पेटी घासत नाही."

एक मात्र गंभीरपणे सांगतो. ऑपरेशननंतर धूसर दिसलं तर आधी डॉक्टरांना दाखवायचं, घड्याळाकडे नंतर पाहायचं. आमची तपासणी आधी झाली होती, म्हणून हसता आलं.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात झालं. थेंबांच्या वेळा आप्पांनी स्वतः सांभाळल्या, एकही चुकली नाही. पण काच साफ झाली त्याच संध्याकाळची गोष्ट सांगून थांबतो. रेडिओ लागला होता. निवेदकाने वेळ सांगितली, तसं आप्पांनी मनगट डोळ्यांसमोर धरलं आणि माझ्यावर ओरडले, "अरे, हे तर तीन मिनिटं मागे आहे! इतके दिवस कुणी सांगितलं नाही?" मग चावी ओढून त्यांनी काटा पुढे सरकवला, स्वतःच्या हाताने.